स्किड प्लेट सायलेन्सरला लागते आहे? शोध, मोजणी आणि दुरुस्ती

माझ्या थारच्या पोटाखाली जाड पोलादी स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून खालचे भाग वाचवणारा पत्रा, बसवून घेतल्यावर पहिल्याच घाटात, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येऊ लागला. ज्या गॅरेजात प्लेट बसवली होती तेथे "थोडी चालली की बसेल" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका कारागिराने हातोड्याने सायलेन्सरचा पाइप किंचित आत दाबून दिला. त्याने आवाज थांबला खरा, परंतु महिनाभरात फ्लँजच्या, म्हणजे पाइपचे दोन तुकडे बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांच्या, सांध्यातून धूर गळू लागला आणि खर्च दुप्पट झाला. प्लेट तीन वेळा उतरवून चढवल्यानंतर मला जे उमगले ते एवढेच होते की थंड आणि उभ्या गाडीखाली मोजलेले अंतर हे खरे अंतर नसते. जे वाचक प्रथमच गाडीखाली प्लेट बसवून घेत आहेत, किंवा बसवून घेऊन आवाजाने हैराण झाले आहेत, त्यांच्यासाठी ही कृती क्रमाने लिहिली आहे. उदाहरणे थारची असली, तरी जिमनी, गुरखा किंवा चेसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या इतर कोणत्याही गाडीला हीच पद्धत लागू पडते.

लेखात 'सायलेन्सर' हा शब्द मी आपल्याकडील गॅरेजात वापरतात त्याच व्यापक अर्थाने वापरतो, म्हणजे इंजिनापासून मागच्या नळीपर्यंतची सगळी धुराची वाट.

१. आधी हे समजून घ्या : अंतर का बदलते

सायलेन्सर पुढच्या टोकाला इंजिनाशी घट्ट बांधलेला असतो आणि पुढे रबरी कड्यांवर लोंबकळत मागे जातो. इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते जोर लावताना एका बाजूला कलते, आणि त्याच्याबरोबर पाइपही हलतो. स्किड प्लेट मात्र थेट चेसिसला बोल्टने आवळलेली असते. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या या दोन वस्तू दोन वेगळ्या गोष्टींना बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्यातील फट दर क्षणी कमीजास्त होत असते.

त्यात उष्णतेची भर पडते. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप ४०० अंशांनी तापला की सुमारे ५ मिमी लांब होतो, आणि पाइपला वाकणे असतील तर ही वाढ सरळ मागे न जाता खाली किंवा बाजूला सरकते. तिसरे कारण प्लेटचेच आहे. दगडावर गाडी टेकली की प्लेट वर दबते. चार मिमीची पोलादी प्लेटही दोन आधारांमधले अंतर मोठे असेल तर गाडीच्या वजनाखाली लवते, आणि ॲल्युमिनियमची प्लेट त्याहून अधिक लवते, म्हणूनच ती सहा मिमी किंवा अधिक जाडीची घेतात.

थोडक्यात, उष्णता, इंजिनाचा कल आणि प्लेटचे लवणे ही तिन्ही एकाच वेळी घडली तरी जे अंतर शिल्लक राहील, तेच मोजायचे आहे.

२. साहित्य आणि कागदपत्रे

हत्यारांत बॉक्स पान्यांचा संच, टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा), किमान दोन टनांचा हायड्रॉलिक जॅक, दोन किंवा चार घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी आधार), चाकांना लावायच्या लाकडी अटकणी, एक जाड फळी, कानस, ग्राइंडर, मोजपट्टी आणि शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर लागेल. चष्मा आणि चामड्याचे हातमोजे यांवर काटकसर करू नका, कारण गाडीखाली झोपल्यावर गंज आणि वाळलेला चिखल नेमका डोळ्यांतच पडतो. यांशिवाय खडू, पानाला लावायचा चुना आणि मूठभर घट्ट मळलेली कणीक लागेल. कणीक कशासाठी, ते पुढे येईलच.

कागदपत्रांत प्लेटचे बिल, बसवणीचा आराखडा असल्यास तो, गाडीचे वॉरंटी पुस्तक, विम्याची पॉलिसी आणि पीयूसी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरून बसवलेल्या सामानाविषयी पुस्तकात काय लिहिले आहे ते काम सुरू करण्यापूर्वी वाचा, आणि प्लेटची नोंद पॉलिसीत करून घ्यावी लागते का हे विमा कंपनीला लेखी विचारा. काम करण्यापूर्वी पाइप, प्लेट आणि प्रत्येक बोल्टचे छायाचित्र काढून ठेवा. पुढे कोणाची चूक याविषयी वाद झाला तर तोंडी सांगण्यापेक्षा ही छायाचित्रेच उपयोगी पडतात.

३. गाडी उचलणे

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करा, चाकांना अटकणी लावा, जॅकने उचला आणि चेसिसखाली घोड्या लावल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग खाली नेऊ नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाणे, विटांच्या उतरंडीवर गाडी ठेवणे किंवा रस्त्याकडेच्या उतारावर हे काम करणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. पिट किंवा रॅम्प असलेले गॅरेज तासाभरासाठी मिळत असेल तर तेच घ्यावे. सायलेन्सर पूर्ण थंड होण्यास एक तास तरी द्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा डबा, बाहेरून गार दिसला तरी हाताला चटका देऊ शकतो.

४. आवाज नेमका कोठून येतो ते शोधणे

सगळ्यात जास्त वेळ येथे द्या, कारण बहुतेक लोकांचा पैसा चुकीच्या जागी दुरुस्ती करण्यात जातो. आवाज केव्हा येतो, यावरून अर्धे निदान होते. गाडी उभी असताना, इंजिन चालू असताना सतत गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर पाइप आणि प्लेट कायमच टेकलेली आहेत. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर एकदम दाबताना एकच ठोका बसत असेल तर इंजिनाच्या कलण्यामुळे पाइप आदळतो आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटे शांतता आणि नंतर खरखर, असा क्रम असेल तर पाइप तापून लांबल्यावर लागतो. आवाज फक्त दगडगोट्यांवर येत असेल, तर प्लेट लवते आहे असे समजावे.

मात्र प्लेटला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे उष्णतारोधक पत्रा, म्हणजे हीट शील्ड. त्याचा एखादा स्क्रू सैल झाला किंवा गंजून तुटला तर हुबेहूब असाच आवाज येतो. दुसरी म्हणजे प्लेट आणि पाइप यांच्यामध्ये अडकलेला खडा. मी स्वतः एकदा अर्धा दिवस पान्यांशी झटापट केली, आणि शेवटी बोराएवढा एक दगड प्लेटवरून घरंगळत बाहेर आला. थंड सायलेन्सरवर जागोजागी रबरी हातोड्याने किंवा मुठीने हलकेच ठोकत गेले असता हे दोन्ही लगेच कळतात. गाडी जुनी असेल तर इंजिन माउंटिंगही पाहा. रबर चिरले असेल किंवा खाली बसले असेल, तर इंजिन वाजवीपेक्षा जास्त कलते, आणि अशा वेळी प्लेटशी कितीही खटपट केली तरी आवाज परत येतो.

नंतर पाइपासमोर येणाऱ्या प्लेटच्या आतल्या बाजूला चुन्याचा पातळ हात फिरवा आणि वाळू द्या. कडांवर खडू घासा. पाच-सहा किलोमीटर चढउताराच्या रस्त्यावर गाडी चालवून आणा, ती थंड होऊ द्या आणि मग बॅटरीच्या उजेडात पाहा. जेथे चुना घासला गेला असेल तेथेच धातूला धातू लागतो आहे. चकाकणारा ओरखडा पाइपवर आणि प्लेटवर समोरासमोर दिसला म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

५. तीन अवस्थांत अंतर मोजणे

थंड अवस्थेतील फट मोजण्यासाठी कणकेचे छोटे गोळे पाइपला चिकटवा, प्लेट जागेवर चढवून बोल्ट पूर्ण आवळा आणि पुन्हा उतरवा. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे त्या ठिकाणचे अंतर. मोजपट्टी जेथे शिरत नाही, तेथे कणीक शिरते. तापलेल्या पाइपवर मात्र ती लावू नका, करपून चिकटते.

इंजिनाचा कल पाहण्यासाठी गाडी जमिनीवर, चारही चाकांवर उभी असली पाहिजे आणि गाडीखाली किंवा पुढेमागे कोणीही नसले पाहिजे. मोबाइल जमिनीवर टेकवून त्याचा कॅमेरा फटीच्या दिशेने सुरू ठेवा. मग अनुभवी चालकाने ब्रेक पूर्ण दाबून ऑटोमॅटिक गाडीत आळीपाळीने डी आणि आर गिअर टाकावा. मॅन्युअल गाडीत हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक लावून पहिल्या आणि मागच्या गिअरमध्ये क्लच क्षणभर पकडेपर्यंतच सोडावा, अधिक वेळ नाही. चित्रफीत सावकाश लावून पाहिली की पाइप किती मिलिमीटर सरकतो याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तिसरी मोजणी लवण्याची. प्लेटच्या मध्यभागी फळी ठेवून तिच्याखाली जॅक लावा आणि पुढचे स्प्रिंग थोडे मोकळे होईपर्यंत गाडी प्लेटवरच उचला, म्हणजे दगडावर टेकल्यासारखी स्थिती तयार होईल. येथेही गाडीखाली न जाता बाजूनेच पाहा. प्लेट वर किती आली आणि पाइपला टेकली का, ते लिहून ठेवा. दगडावर आपटण्याचा जोर याहून मोठा असतो, हे लक्षात ठेवून या आकड्यावर थोडी भर घाला.

उष्णतेने होणारी वाढ (पाइपच्या दर मीटरमागे सुमारे ५ मिमी), इंजिनाचा कल आणि प्लेटचे लवणे या तिन्हींची बेरीज थंड अवस्थेतील फटीपेक्षा कमी असली पाहिजे. माझ्या अनुभवाने साध्या पाइपजवळ २० ते २५ मिमी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेल गाडीतील पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातील काजळी अडवणारा) यांच्याजवळ ३० मिमी किंवा अधिक मोकळी जागा ठेवली की प्रश्न मिटतो. "बोट शिरते ना, मग पुरे" हा गॅरेजातील हिशेब पुरेसा नाही.

६. पहिला उपाय : काहीही न कापता

निम्म्याहून अधिक वेळा काम येथेच संपते, असे मला वाटते. प्लेटचे सगळे बोल्ट काढू नका, फक्त सैल करा. प्लेटची छिद्रे बोल्टापेक्षा थोडी मोठी किंवा लांबट असतात, त्यामुळे ती दोन-तीन मिमी इकडेतिकडे सरकवता येते. पाइपापासून दूरच्या बाजूला ढकलून धरा, सगळे बोल्ट हाताने लावा आणि मगच समोरासमोरच्या क्रमाने आवळा. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेले की प्लेट तिरकी बसते, आणि नेमके हेच घाईत केले जाते.

सायलेन्सरची रबरे पाहा. ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ताणली जातात आणि पाइप एक-दीड सेंटिमीटर खाली लोंबतो. नवी रबरे स्वस्त असतात आणि साबणाच्या पाण्याने हाताने चढतात. फ्लँजचे बोल्ट थोडे सैल करून पाइप वर धरून पुन्हा आवळल्यानेही काही मिलिमीटर मिळतात. मात्र तसे केल्यास गॅस्केट नवीन घाला, आणि धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची वायर ताणली जात नाही ना ते पाहा.

७. दुसरा उपाय : बुश घालून प्लेट खाली घेणे

प्लेट आणि चेसिस यांच्यामध्ये पोलादी बुश, म्हणजे बोल्ट आरपार जाईल असा नळीचा तुकडा, घातली की फट वाढते. या उपायात तीन सापळे आहेत.

एक म्हणजे वॉशरची चळत. पाच-सहा वॉशर एकावर एक रचून बोल्ट आवळणे सोपे वाटते, परंतु धक्क्याने ते सरकतात, बोल्टवर वाकण्याचा ताण येतो आणि तो तुटतो. लेथवाल्याकडून एकसारख्या लांबीच्या जाड भिंतीच्या बुश कापून घ्या. १० ते १२ मिमीपेक्षा लांब बुश मी टाळतो.

दुसरा बोल्टचा. बुश जितकी लांब, तितकाच बोल्टही लांब हवा, आणि आट्यांत तो किमान आपल्या व्यासाइतका तरी शिरला पाहिजे. बोल्ट ८.८ ग्रेडचाच घ्या, डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात एम१० बोल्ट मागितला की सहसा १.५ मिमी आट्यांचा मिळतो, तर गाड्यांमध्ये अनेक ठिकाणी १.२५ मिमीचे आटे असतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे सहज फिरतो, मग जड जातो, आणि पाना लावून जोर केला की चेसिसमधील नटाचे आटे जातात. जुना बोल्ट बरोबर घेऊन जाणे हाच खात्रीचा मार्ग. आवळण्याचा जोर प्लेटबरोबरच्या पत्रकात दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम१० बोल्टला साधारण ४५ न्यूटन-मीटर पुरतात. निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा.

तिसरा सापळा कोणी सांगत नाही. पोटाखाली दोन-तीन प्लेटा एकामागून एक असतात आणि पुढच्या प्लेटची मागची कड ही मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेच्या खाली असते, म्हणजे दगड घसरत मागे जातो. तुम्ही फक्त मधली प्लेट बुश घालून खाली घेतलीत, तर तिची पुढची कड उघडी पडते आणि नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसते. अशा वेळी पुढच्या प्लेटची मागची बाजूही तेवढीच खाली घ्यावी लागते. यात जमिनीपासूनची उंचीही जाते. थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २४५० मिमी आहे, तेव्हा पोट १० मिमीने खाली आले की उंचवट्यावरून पार होण्याचा कोन सुमारे एका अंशाने घटतो. कंपनीने सांगितलेला २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स हा आकडा पाहून निश्चिंत राहू नका, मोजपट्टी घेऊन स्वतःच्या गाडीचा मोजा.

८. तिसरा उपाय : प्लेटला खिडकी पाडणे किंवा फुगवटा देणे

घासणारी जागा लहान असेल तर प्लेट कापणे हा बुशपेक्षा सरस उपाय आहे, कारण उंची जात नाही. कापण्याचे काम प्लेट गाडीवरून उतरवूनच करा. ग्राइंडरच्या ठिणग्या गाडीखाली इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांच्यावर उडतात. चुन्याच्या खुणेभोवती २५ मिमी सोडून रेघ आखा. खिडकीचे कोपरे चौकोनी ठेवू नका, आधी १० मिमी त्रिज्येचा गोलावा येईल अशी छिद्रे पाडून मग सरळ रेषा कापा, कारण चौकोनी कोपऱ्यातूनच पुढे चीर धावते. घडीच्या रेषेवर आणि बोल्टच्या छिद्राजवळ काप घेऊ नका. खिडकीमुळे गेलेला ताठरपणा भरून काढण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंना आतून २५ बाय ४ मिमीची पट्टी वेल्ड करून घ्या, नंतर कडा कानशीने घासून झिंकयुक्त प्रायमर आणि रंग द्या. जस्ताचा मुलामा असलेली प्लेट असेल तर वेल्डिंगच्या जागेवरील जस्त आधी घासून काढले पाहिजे, त्याचा धूर विषारी असतो.

तीन मिमीपर्यंतच्या पोलादी प्लेटला फॅब्रिकेटर प्रेसमध्ये खालच्या बाजूला फुगवटा देऊ शकतो. ॲल्युमिनियमची प्लेट मात्र गल्लीतल्या वेल्डरकडे देऊ नका. चांगल्या मिश्रधातूची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवती कमी होते आणि पहिल्याच दगडावर ती तेथेच फाटते. ती फक्त कापावी. वजनाचा मोह समजण्यासारखा आहे: एक मीटर बाय ६० सेंटिमीटरची ४ मिमी पोलादी प्लेट जवळपास १९ किलोची, तर ६ मिमी ॲल्युमिनियमची १० किलोच्या आत. कोकणातील खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि पोलादी बोल्ट एकमेकांना खातात, म्हणून बोल्टांच्या खांद्याखाली अँटी-सीझ (धातू जाम होऊ न देणारे ग्रीस) लावा.

९. शेवटचा उपाय : पाइपला हात लावणे

आधीचे सगळे करूनही जागा मिळत नसेल तरच पाइप बदलावा, आणि तोही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या व फिल्टरच्या मागचा साधा भाग. योग्य त्रिज्येत वाकवलेला नवा तुकडा घालून घ्या. हातोड्याने दाबलेल्या पाइपमध्ये धुराची वाट अरुंद होते आणि भिंत जेथे दुमडते तेथून गंज सुरू होतो. गाडीवरच वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरीची ऋण तार काढा आणि वेल्डिंगची अर्थिंग सांध्याच्या अगदी जवळ लावा.

कन्व्हर्टर काढून सरळ नळी टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या मानकाच्या) गाडीत त्यामुळे इंजिनाचा दिवा लागतो आणि पीयूसी चाचणी अडचणीची होते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. फटीसाठी एवढी किंमत मोजण्याचे काहीच कारण नाही.

१०. उष्णता आणि गवत

आवाज थांबला म्हणजे काम झाले असे नाही. प्लेटमुळे सायलेन्सरभोवतीचा वारा अडतो आणि तेथे उष्णता साठते. कन्व्हर्टर चालू असताना ४०० अंशांच्या वर तापतो, आणि डिझेल फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तेथील तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळा संपून ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळते, त्या दिवसांत कुसळी आणि काड्या प्लेटवर साचतात. तिच्या आणि कन्व्हर्टरच्या मधल्या त्या गादीला पेट घेण्यास एवढी उष्णता पुरेशी असते. म्हणून प्लेटमध्ये झाडून काढता येईल एवढी छिद्रे हवीत, मुळात नसतील तर पाडून घ्या. वाळक्या गवतातून जाताना थांबून वाकून पाहण्याची सवय लावा, आणि अग्निशामक नळकांडे गाडीत हाताला लागेल अशा जागी ठेवा.

मूळ हीट शील्ड प्लेटसाठी जागा व्हावी म्हणून काढून टाकू नका. जागा कमीच असेल तर प्लेटवर पातळ स्टेनलेस पत्रा १० मिमी वर उचलून बसवा, मधली हवाच उष्णता अडवते. पाइपला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्ट्या मी वापरत नाही, कारण आपल्याकडील पावसात त्या पाणी धरून ठेवतात आणि आतून पाइप गंजतो. कन्व्हर्टरला तर त्या मुळीच गुंडाळू नयेत.

११. चाचणी

प्लेटच्या आतल्या बाजूस पुन्हा चुना लावून आधी डांबरी घाट, नंतर खडकाळ वाट, अशा दोन फेऱ्या करा. काळ्या खडकावर प्लेट मुद्दाम हळूच टेकवून पाहा. परत आल्यावर चुना अखंड असेल तर मोजणी बरोबर होती. खूण दिसली तर ती पाचव्या पायरीतल्या कोणत्या आकड्याशी जुळते ते पाहून फक्त तेवढाच बदल करा. २०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, कारण नवा रंग आणि नव्या बुश दबून बोल्ट थोडे सैल होतात. पावसाळ्यात लाल मातीच्या वाटेवरून आल्यावर त्याच दिवशी, सायलेन्सर निवल्यावर, प्लेटच्या छिद्रांतून पाण्याचा झोत मारा. तो चिखल वाळला की विटेसारखा होतो, आणि मग प्लेट उतरवूनच काढावा लागतो.